हिवातून उबेकडे: मराठवाड्यातून गाडीतच मुक्काम करत कन्याकुमारीपर्यंत

जानेवारीत मराठवाड्यात रात्रीचा पारा दहा अंशांखाली उतरतो. परभणीत काही वर्षी तो पाचाच्या आसपासही जातो. त्याच रात्री कोची आणि तिरुवनंतपुरमला २२-२३ अंश असतात, दिवसा ३१-३२. गाडीतच झोपायची सोय केली तर महिनाभर त्या उबेत राहता येतं, आणि रोज लॉज शोधायची कटकट राहत नाही.

पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण तयारी मात्र घरच्या थंडीची करतात. दोन रजया, गोधड्या, जाड पडदे, सगळ्या फटी बंद. थंडी लागते ती फक्त पहिल्या दोन रात्री, विजयपुरापर्यंत. घाट उतरून किनाऱ्याला लागलात की पुढचे पंचवीस दिवस त्रास देतात ओल, घाम आणि डास. म्हणून गाडी हवा खेळेल अशी बांधायची. खालच्या बहुतेक सूचनांमागे हेच एक कारण आहे.

कधी निघायचं

जानेवारीचा पहिला आठवडा उलटल्यावर निघा आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत परता. डिसेंबर टाळण्याची तीन कारणं आहेत. तमिळनाडू आणि दक्षिण केरळात ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरातही पडतो. नाताळ ते नवीन वर्ष या काळात गोकर्ण, वर्कला, कोवळम इथे गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत शबरीमलेच्या यात्रेकरूंनी केरळातले रस्ते भरलेले असतात. संक्रांतीपर्यंत तुम्ही कर्नाटक किनाऱ्यावर असाल आणि केरळात शिराल तेव्हा ती गर्दी ओसरलेली असेल. परतताना महाशिवरात्रीचे चार दिवस गोकर्ण आणि मुरुडेश्वर टाळा.

कोणती गाडी, आणि कायद्यात काय बसतं

दोघांसाठी ईको किंवा सात आसनी गाडी पुरते. चौघांसाठी ट्रॅव्हलर हवी. पहिल्या सहलीसाठी गाडी कापू नका, वेल्डिंग करू नका, आसनं कायमची काढू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. गाडीचं रीतसर मोटार कॅरॅव्हॅन (राहायची सोय असलेली गाडी) करायचं तर एआयएस-१२४ हे मानक लागू होतं, आणि ते काम गल्लीतल्या गॅरेजचं नाही. मागची आसनं दुमडून त्यांच्यावर बसणारा, पाना न लावता अर्ध्या तासात बाहेर काढता येणारा पलंग हा सरळ मार्ग आहे.

पांढऱ्या पाटीची घरची गाडी असेल तर परराज्यात महिनाभरासाठी वेगळा कर लागत नाही. पिवळ्या पाटीची भाड्याची गाडी घेणार असाल तर अखिल भारतीय पर्यटक परमिट आहे का आणि राज्यांचे कर कोण भरणार, हे ठरवून लिहून घ्या. आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये ठेवा, शिवाय छापील प्रतींचा एक संच गाडीत असू द्या. घाटात रेंज नसते. पंखे-दिव्यांसाठी बसवलेली जादा बॅटरी आणि वायरिंगबद्दल विमा कंपनीला आधी लेखी कळवा. वायरिंगमुळे आग लागली तर दाव्यात पहिला प्रश्न त्याचाच निघतो.

टोलसाठी खासगी कार, जीप, व्हॅनला ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो: २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते (२०२५ मध्ये किंमत ३,००० रुपये होती). तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. राज्यांच्या रस्त्यांवर नेहमीसारखे पैसे कटतात, म्हणून फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवाच.

वजनाचा हिशेब

आरसीवर गाडीचं रिकामं वजन असतं आणि कंपनीच्या पट्टीवर कमाल एकूण वजन. दोन्हींतला फरक म्हणजे माणसांसकट तुम्हाला काय काय घेता येईल ते. दोघांचा साधारण हिशेब असा: माणसं १४० किलो, पाणी ६०, प्लायचा पलंग ३५, गादी १५, बॅटरी-पंखे-सोलर २५, गॅसची भरलेली लहान टाकी आणि शेगडी १५, भांडी व शिधा २५, कपडे-अंथरूण ३०, हत्यारं-खुर्च्या-टेबल २०, संडासाची पेटी १०. एकूण ३७५ किलो. त्यात "असू दे बरोबर" म्हणून घेतलेलं आणखी शंभर किलो नकळत चढतं.

सगळं भरून जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या वजनकाट्यावर जा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या धुऱ्यावरचा (ॲक्सलवरचा) भार कळतो. पाणी आणि बॅटरी दोन्ही मागच्या दाराशी ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग सैल वाटतं आणि ओल्या रस्त्यावर गाडी सरकते. जड सामान दोन धुऱ्यांच्या मध्ये आणि खाली ठेवा. टायरची हवा गाडी थंड असताना, दारावरच्या पट्टीतल्या भरल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे भरा. टायरवर चार आकडी कोड असतो. २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदला.

पलंग आणि हवा

१२ मिमीचा पाण्याला टिकणारा प्लाय घ्या. ८ बाय ४ फुटांची एक शीट साधारण २३ किलो भरते. ६ बाय ४ फुटांचा पलंग बिजागऱ्यांनी जोडलेल्या तीन तुकड्यांत करा, म्हणजे दिवसा दुमडून बसायला जागा होते. मापं गाडीच्या तळाशी घेऊन थांबू नका. खिडकीच्या उंचीवर गाडी आत निमुळती होते आणि पलंग तिथेच अडकतो.

पलंग आणि पाण्याचे कॅन आसनांच्या किंवा पट्ट्यांच्या मूळ बोल्टांना रॅचेटच्या पट्ट्यांनी आवळा. जोराची धडक बसली तर सुटी वस्तू आपल्या वजनाच्या वीस-तीस पट जोराने पुढे येते. वीस लिटरचा कॅन तेव्हा डोक्यात बसतो.

आता ओलीबद्दल. दोन माणसं झोपली की रात्रभरात श्वास आणि घामातून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत जातं. काचा बंद असतील तर ते काचेवर, पत्र्यावर आणि गादीखाली साठतं. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हे लक्षात येत नाही, कारण सकाळच्या उन्हात सगळं सुकतं. किनाऱ्यावर सुकत नाही. सलग प्लायवर फोमची गादी टाकली की चार-पाच दिवसांत खालून काळी बुरशी धरते. म्हणून प्लायला दर सहा इंचांवर २५-३० मिमीची भोकं पाडा, फोमऐवजी काथ्याची गादी घ्या आणि रोज सकाळी ती उभी करून ठेवा.

दोन खिडक्यांना बारीक जाळी बसवा, एक पुढची आणि एक तिच्या तिरक्या समोरची मागची. चुंबकपट्टीची जाळी पुरते, पण काठ नीट चिकटतोय का ते रात्री आत दिवा लावून बाहेरून बघा. दारावर व्हायझर असतील तर काच दोन-तीन इंच खाली ठेवूनही पाऊस आत येत नाही. १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे घ्या: एक अंगावर वारा घ्यायला, दुसरा खिडकीला बाहेरच्या बाजूला तोंड करून लावायला. आतली दमट हवा बाहेर फेकणारा हा दुसरा पंखा नवखे लावत नाहीत, आणि मग रात्रभर तीच हवा आतल्या आत फिरत राहते.

पुढच्या काचेला चंदेरी बबलशीट लावा. पांघरायला एक गोधडी आणि दोन सुती चादरी बस्स. रजई घरीच राहू द्या. एकदा ती दमट झाली की घरी येईपर्यंत वास सोडत नाही.

वीज: फ्रिजवर सगळं ठरतं

दोन पंखे मिळून २५ वॅट, नऊ तास: २२५ वॅट-तास. दिवे ४०, दोन मोबाइल ५०. रोजचे साधारण ३१५. त्यात ४० लिटरचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज ठेवला तर आणखी पाचशेच्या वर लागतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी साधारण १,२८० वॅट-तास साठवते. त्यातले हजार वापरायचे धरा. म्हणजे फ्रिजशिवाय तीन दिवस, फ्रिजसकट जेमतेम एक. पहिल्या सहलीला फ्रिज नेऊ नका, हे आमचं स्पष्ट मत आहे. दूध, दही, भाजी रोज गावागावात मिळतं.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी उचलून पलंगाखाली ठेवायचा मोह अनेकांना होतो. तो टाळा. १५० अँपिअर-तासांची बॅटरी पन्नास किलोच्या वर भरते, घाटात हेलकाव्याने ॲसिड बाहेर येतं आणि चार्ज होताना निघणारा हायड्रोजन झोपायच्या जागेत साठतो.

चार्जिंगचे दोन मार्ग ठेवा. पहिला, चालत्या गाडीतून ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे गाडीच्या विजेवर ही दुसरी बॅटरी बेताने भरणारं यंत्र. तीन तास गाडी चालली की बॅटरी जवळजवळ भरते. लिथियम बॅटरी थेट गाडीच्या बॅटरीला जोडू नका. ती मिळेल तितका करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळतो. दुसरा मार्ग, १०० वॅटची दोन घडीची सोलर पॅनेल, एमपीपीटी कंट्रोलरसह (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारं यंत्र). छतावर ठोकलेल्या पॅनेलपेक्षा ही बरी: गाडी सावलीत उभी राहते आणि पॅनेल उन्हात. हिवाळ्याच्या उन्हात दिवसाला ६०० ते ७०० वॅट-तास मिळतात.

वायर बारीक घेतली की अर्धी मेहनत फुकट जाते. बॅटरी इंजिनपासून चार मीटरवर असेल तर ३० अँपिअरला १६ चौ. मिमीची तांब्याची वायर घ्या. त्यात पाव व्होल्ट पडतो, ६ चौ. मिमीच्या वायरीत पाऊण व्होल्टच्या जवळपास पडतो आणि वायर गरमही होते. ४० अँपिअरचा फ्यूज वायरीच्या दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वितीच्या आत लावा, कारण दोन्हीकडे बॅटरी आहे आणि शॉर्ट झाला तर करंट दोन्हीकडून येतो. पत्र्यातून वायर जाते तिथे ती घासू नये म्हणून रबरी कडं (ग्रोमेट) बसवा. इंडक्शनच्या नादी लागू नका: २,००० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर १६० अँपिअरच्या वर.

गॅस, आणि जीव घेणाऱ्या चुका

घरगुती १४.२ किलोची टाकी गाडीत नको. पाच किलोची टाकी इंडेनची छोटू, एचपीची अप्पू, भारतची मिनी अशा नावांनी ओळखपत्र दाखवून मिळते, आणि त्याच कंपनीच्या विक्रेत्याकडे परराज्यातही बदलून मिळते. दोघांचा सकाळचा चहा, एक स्वयंपाक एवढं धरलं तर महिन्याला एक बदली पुरेशी असते. टाकी उभी बांधा, गाडी चालू करण्याआधी रेग्युलेटर बंद करा, आयएसआयची सुरक्षा नळी वापरा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी साठतो. वास आला तर दिव्याचं किंवा पंख्याचं बटणसुद्धा दाबू नका. आधी टाकी बंद करा, मग सगळी दारं उघडा.

स्वयंपाक मागचं दार वर करून, गाडीबाहेरच करा. आणि ही चार कामं कधीच करू नका: आत कोळशाची शेगडी ठेवणं, इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपणं, गाडीजवळ जनरेटर लावून झोपणं, बंद गाडीत डासांची कॉइल लावणं. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. कारण निघालं कार्बन मोनॉक्साइड. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस जागाच होत नाही. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाच्या उंचीवर लावा. खर्चात कुठे काटछाट करायची असेल तर ती इथे करू नका.

पाणी आणि संडास

आंघोळ बाहेर धरली तर प्यायला, स्वयंपाकाला आणि भांड्यांना माणशी रोज दहा लिटर. दोघांना तीन दिवसांचे ६० लिटर. एका मोठ्या टाकीपेक्षा २० लिटरचे तीन कॅन सोयीचे: उचलता येतात, धुता येतात, आणि अर्धी भरलेली टाकी वळणावर हिंदकळून गाडी ओढते तसं होत नाही. एक कॅन फक्त प्यायच्या पाण्याचा, त्यावर लाल पट्टी. भांड्यांचं खरकटं पाणी वेगळ्या कॅनमध्ये जमा करून गटारात ओता, वाळूत नाही.

संडासाची वीस लिटरची पेटी दोघांना दोन-तीन दिवस जाते. ती फक्त फ्लशच्या संडासात रिकामी करायची, आणि आधी त्या जागेच्या मालकाला विचारून. बहुतेक वेळा पंपावरच्या किंवा देवस्थानाच्या संडासावर काम भागतं. पेटी रात्रीसाठी.

आधी घरीच दोन रात्री

निघण्याच्या दोन आठवडे आधी पहिली रात्र अंगणात किंवा वावरात झोपा, दुसरी शंभरेक किलोमीटरवर. घरात पाय ठेवायचा नाही, असा नियम करा. कोणती वस्तू दहा वेळा काढावी लागली, कुठली वायर पायात आली, चार्जर कुठे पोचत नाही, हे तिथेच कळतं. ज्या वस्तूला दोन्ही रात्री हात लागला नाही ती उतरवा. हत्यारं, औषधं आणि स्टेपनी एवढाच अपवाद.

रस्ता

आपल्याला एक मोठी सोय आहे. राष्ट्रीय महामार्ग ५२ छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव, सोलापूर, विजयपूर, हुबळी करत थेट अंकोल्याला समुद्रावर जातो. जालन्याहून अंबड-वडीगोद्रीमार्गे त्यावर लागा. नांदेड-लातूरकरांनी महामार्ग ३६१ धरून तुळजापूरला यावं. संभाजीनगर ते अंकोला साधारण साडेसातशे किलोमीटर. ते चार दिवसांत करा: सोलापूर, विजयपूर, हुबळी आणि चौथ्या दिवशी घाट. विजयपूरचा टप्पा मुद्दाम शंभर किलोमीटरचाच ठेवलाय. गोलघुमट बघून होतो, आणि पहिल्या दिवशी सैल झालेल्या पट्ट्या व बोल्ट आवळायला दुपार मिळते.

या पट्ट्यात सूर्य मावळल्यावर गाडी चालवू नका. गाळप हंगाम चालू असतो. बीड-धाराशिव-सोलापूरपासून पुढे विजयपूर-बागलकोटपर्यंत उसाच्या जोडट्रॉल्या रस्त्यावर असतात. अनेकींना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, आणि ऊस बाजूला दोन-दोन फूट बाहेर आलेला असतो. समोरून प्रकाश आला की ट्रॉली दिसतच नाही. पाचला थांबायचं, हे वेळापत्रकातच लिहा.

येल्लापूर ते अंकोला या टप्प्यातला अरबैल घाट सकाळी उतरा. जड ट्रकांची रांग असते. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या ओढीवर उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून भरलेली गाडी उतरवली की ब्रेक तापून पकड जाते आणि पायाखाली स्पंज दाबल्यासारखं लागतं. तसं झालं तर बाजूला घेऊन अर्धा तास थांबा. चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते.

अंकोल्याहून महामार्ग ६६ ने दक्षिणेला: मुरुडेश्वर, मग मरवंतेला एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सौपर्णिका नदी, उडुपी, मंगळूर. केरळात शिरलात की अंतराचा हिशेब बदला. सलग वस्ती, सहापदरीचं काम, वळवलेले रस्ते. सरासरी ताशी ३५-४० किलोमीटरच पडते. दिवसाला १५० किलोमीटरपुढे जाऊ नका. कण्णूरजवळ मुळप्पिलंगाडला किनाऱ्यावरच गाडी चालवता येते, पण ओल्या घट्ट वाळूवरच. कोरड्या वाळूत रुतलात तर ॲक्सिलरेटर दाबून चाक फिरवू नका. हवा १८-२० पीएसआयपर्यंत कमी करा, चाकांपुढची वाळू हाताने काढा आणि सावकाश बाहेर या. जॅकखाली ठेवायला फूटभर चौरस, १८ मिमीचा प्लाय आणि हवा भरायचा १२ व्होल्टचा पंप म्हणूनच बरोबर असावा.

कन्याकुमारी घरापासून साधारण १,७०० किलोमीटर पडते. येणं-जाणं आणि इकडचं-तिकडचं मिळून ४,००० धरा. भरल्या गाडीची सरासरी १४ आली तर २८५ लिटर पेट्रोल. डीईएफ (डिझेलचा धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) लागणारी बीएस-६ ट्रॅव्हलर असेल तर ते पाच लिटर बरोबर ठेवा. परतीला मदुराई, बंगळूर, चित्रदुर्ग असा आतला रस्ता झपाट्याने संपतो. चित्रदुर्गहून महामार्ग ५० विजयपूर, कलबुर्गी, बीदर करत थेट नांदेडला येतो. म्हैसूर-वायनाडवरून यायचं असेल तर बंडीपूरचा जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, हे लक्षात ठेवा. अडचणीत महामार्गासाठी १०३३, बाकी सगळ्यासाठी ११२.

रात्रीची जागा

चारच्या आत जागा शोधायला लागा. मोठे, चोवीस तास उघडे पेट्रोल पंप, देवस्थानांचे वाहनतळ, आणि होमस्टेचं अंगण. तिन्हीकडे आधी उतरून विचारा. होमस्टेत फक्त गाडी लावणं, आंघोळ आणि पाणी एवढ्यासाठी किती घेणार, हे ठरवून घ्या. बहुतेक जण तयार होतात. पंपावर ट्रकांच्या रांगेत नको. रात्री त्यांची इंजिनं चालू असतात आणि धूर तुमच्या खिडकीत येतो.

नारळाच्या झाडाखाली गाडी कधीही लावू नका, दुपारच्या सावलीसाठीसुद्धा. समुद्रकाठी भरतीची रेषा कुठवर येते ते स्थानिक कोळ्याला विचारा. गोव्यात डोकावणार असाल तर पर्यटकांना उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे, मोठा दंड होऊ शकतो.

शिधा

ज्वारीचं पीठ तीन किलोपेक्षा जास्त नेऊ नका. दमट हवेत आठ-दहा दिवसांत त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. विजयपूर-हुबळी पट्ट्यात कडक भाकरी बांधून मिळतात, त्या घट्ट डब्यात पंधरा दिवस टिकतात. येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी घरून न्या. पहिल्या दोन दिवसांना धपाटे. पुढे तांदूळ तिकडचाच घ्या, पण केरळातला जाड लालसर मट्टा तांदूळ शिजायला वेळ घेतो आणि गॅस खातो. पाणी मागायला कन्नडमध्ये नीरु, मल्याळममध्ये वेळ्ळम, तमिळमध्ये तण्णी.

परतल्यावर, त्याच आठवड्यात

किनाऱ्यावर असताना दर चार-पाच दिवसांनी गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवायची. घरी आल्यावर ती एकदा लिफ्टवर घेऊन नीट धुवा: चाकांच्या कमानी, सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या. खारं पाणी पत्र्याच्या जोडात राहिलं तर पावसाळ्यात तिथूनच गंज फुटतो. बॅटरी अर्धी चार्ज ठेवून तारा सोडवा, पाण्याचे कॅन उन्हात उघडे वाळवा, आणि पलंग गाडीतून काढून भिंतीला उभा करून ठेवा.